चष्म्याचा नंबर वाढलाय का? घरीच टेपने बघा

लांबचं धूसर दिसायला लागलं की नंबर वाढला की नुसता थकवा, हे कळत नाही. मायनस नंबर असेल तर शिवणकामाची टेप पुरते.

१. चष्मा काढा, एक डोळा तळहाताने झाका (दाबू नका).
२. बारीक छापील मजकूर नाकाजवळ धरून हळूहळू लांब न्या. अक्षरं स्पष्ट दिसल्यानंतर ‘क्ष’, ‘ज्ञ’सारख्या अक्षरांच्या कडा पहिल्यांदा फुटतील (धूसर होतील) तिथेच थांबा. अक्षर वाचता येतंय म्हणून पुढे जाऊ नका, इथेच सगळे फसतात.
३. डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला मोजायला सांगा.
४. १०० ला त्या सेंटिमीटरने भागा. ५० सेंमी आले तर नंबर साधारण मायनस २, २५ आले तर मायनस ४.

डोळे बारीक करू नका, नंबर खोटाच कमी येतो. एकपेक्षा कमी नंबराला हात पुरत नाही, आणि तिरपा (सिलिंडरचा) नंबर यात कळत नाही. दोन्ही डोळ्यांचे आकडे तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ताडून बघता येतात.

या आकड्यावर चष्मा मात्र बनवू नका. आणि अचानक चमका दिसल्या किंवा नजरेपुढे पडदा आल्यासारखं वाटलं, तर टेप ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.