रात्रीची बॅच बंद केली आणि वारस बदलले (माझा अनुभव)

कोल्हापुरातल्या माजी सैनिकांच्या एका पतसंस्थेचं सभासद-रेकॉर्ड बॅचवरून (दिवसभराच्या नोंदी रात्री एकदम चढवायच्या) ऑनलाइनवर (नोंद टाइप केली की लगेच चढते) आणायचं काम माझ्याकडे होतं. जुनी पद्धत पलटणीसारखीच. तिथं लग्न, मूल, बढती झाली की 'पार्ट टू ऑर्डर' निघते, रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि जवानाच्या नोंदीत चढते. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं हे ऑफिस बेळगावला. इथंही वारस वगैरे बदलायच्या चिठ्ठ्या दिवसभर साठायच्या, रात्री एकदम चढायच्या.

ऑनलाइन सुरू झालं आणि एक सुभेदारकाका खिडकीशी आले. "आई वारल्यावर बायकोचं नाव लावलं न्हवं का मी? मग परत आईचं कसं आलं?"

शोधल्यावर कळलं, जुना प्रोग्रॅम चढवण्याआधी चिठ्ठ्या सभासद क्रमांक आणि तारखेनुसार लावून घ्यायचा. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. ऑनलाइनमध्ये फायलीत राहिलेली जुनी चिठ्ठी उशिरा टाइप झाली, की ती थेट नव्या नोंदीवर बसायची.

मग प्रत्येक नोंदीला दोन तारखा दिल्या: घटना घडली ती आणि नोंद झाली ती. जुनं पुसायचं नाही, नवी ओळ जोडायची. आजचा वारस घटनेच्या तारखेवरून काढायचा. चिठ्ठीचा क्रमांक आणि वर्ष ही जोडी युनिक केली, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा घेतलीच जात नाही, त्यामुळे 'सेव्ह' दोनदा दाबलं तरी नोंद एकच.

चिठ्ठ्या आणि नोंदींचा रात्रीचा ताळा मात्र ठेवलाय. ऑनलाइन म्हणजे रात्री काही चालवायचंच नाही, हा हट्ट मला पटत नाही.