डबा तसाच परत येतोय? या चुका टाळा

पहिली-दुसरीला शिकवून एकोणीस वर्षं झाली. पालकसभेत तक्रार ठरलेली, 'मॅडम, हा काही खातच नाही.' आणि त्यामागच्या चुकाही ठरलेल्या.

सगळ्यात वाईट म्हणजे 'डबा संपलाच पाहिजे' हा हट्ट. हा मी स्वतः केलाय. नवीन नोकरीत रिकामा डबा दाखवल्याशिवाय मी कुणाला खेळायला सोडत नसे. दुसरीतला एक मुलगा रोज पहिला यायचा, डबा अगदी चाटूनपुसून. मी वर्गाकडून टाळ्या वाजवून घ्यायची. एक दिवस त्याच्या बाकाखाली मुंग्यांची रांग दिसली. ती त्याच्या दप्तरात, तिथून कंपासपेटीत. आत दुधीची भाजी, तिच्यावर वहीचा कागद नीट घडी करून ठेवलेला आणि त्यावर पेन्सिल. पोरगं रडायला लागलं. खरं तर लाज मला वाटायला हवी होती.

तेव्हापासून मी एकच घास चाखायला सांगते, पुढचं त्याचं तो बघेल. आयांनाही सांगते, अर्धी पोळी आणि दोन चमचे भाजी द्या. कमी पडलं तर मूल मागतं.

'भाजी खा, मग चॉकलेट देते' हेही बंद करा. भाजी म्हणजे शिक्षा, हे त्यातून मूल पक्कं शिकतं.

'तीनदा केली, खाल्ली नाही' म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. नवी चव पटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती पानात यावी लागते, तीही भाषण न देता. पालकाची भाजी वाटून पोळीत लपवणं ही पळवाट. पोटात जाते, पण मुलाची त्या भाजीशी ओळख होत नाही.

जेवणासोबत चहा नको, लोह नीट शोषलं जात नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा. मोबाईल दाखवून भरवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत, असा नियम २०२० मध्येच झालाय. पण दप्तरात वेफर्सचं पाकीट घरूनच येत असेल तर नियम काय करणार?

शिक्षकांचीही एक चूक आहे. शाळेत मिळणाऱ्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. आपण पट्टी घेऊन 'भाजी बाजूला काढू नका' म्हणत फिरतो आणि स्वतःचा डबा ऑफिसात खातो. मी पंगतीत बसते. खिचडीतला भोपळा मलाही फारसा आवडत नाही, पण चाळीस डोळे माझ्या ताटाकडे असतात.