वर्गात मोबाइल एकच, उत्तरं मात्र सगळ्यांची

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नागपूरच्या शिक्षकांना नवं वेब-साधन शिकायला हे जूनचे मधले दिवस सोयीचे. या दिवसांत एकच साधन शिका. पाच अ‍ॅप एकदम उतरवून घेतली की पाचांचे पासवर्ड तेवढे लक्षात ठेवावे लागतात, आणि दिवाळीपर्यंत त्यातलं एकही वर्गात वापरलं जात नाही.

कोणतं साधन निवडायचं, हे वर्गात फोन कुणाकडे आहे यावर ठरवा. मुलांकडे टॅब नाहीत, संगणक-कक्ष आठवड्यातून एकदाच मिळतो आणि खिशात फक्त सरांचा किंवा मॅडमचा मोबाइल आहे, अशी स्थिती असेल तर प्लिकर्स (Plickers) या वर्गात प्रश्न विचारून उत्तरं टिपणाऱ्या साधनापासून सुरुवात करावी. यात मुलांच्या हातात फक्त छापलेलं कार्ड असतं. कार्डावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं. आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड फिरवून मुलांनी धरायचं. तुम्ही मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की प्रत्येकाचं उत्तर नोंदवलं जातं. अक्षरं मुद्दाम बारीक छापलेली असतात आणि प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उत्तर देता येत नाही. एरवी प्रश्न विचारला की तेच चार हात वर येतात. इथे शेवटच्या बाकावरच्या गप्प मुलीचंही उत्तर तुमच्यापर्यंत पोचतं. सगळा खटाटोप तिच्यासाठीच करायचा आहे.

आधी कार्डं. प्लिकर्सच्या संकेतस्थळावर ती पीडीएफमध्ये मोफत मिळतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा, मोठा ६३ चा. पट ४० च्या वर असेल तर सुरुवातीलाच मोठा संच घ्या. एका ए-फोर कागदावर दोन कार्डं बसतात, म्हणजे ४० कार्डांना २० कागद. साधा झेरॉक्सचा कागद महिनाभरात चुरगळतो, म्हणून २०० जीएसएमच्या आसपासच्या जाड कागदावर छापून घ्या. सीताबर्डीत किंवा शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: काळा रंग गडद हवा आणि चकचकीत लॅमिनेशन नको. फिकट छपाईत कॅमेऱ्याला आकृती ओळखता येत नाही. चकचकीत प्लास्टिकवर ट्यूबलाइटची तिरीप पडली की तेवढा भाग पांढरा दिसतो आणि कार्ड वाचलंच जात नाही. कापताना आकृतीभोवतीची पांढरी कड राखा.

मग संकेतस्थळावर खातं उघडा, नवा वर्ग तयार करा आणि मुलांची यादी भरा. कार्ड क्रमांक म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवलात की पुढे गोंधळ होत नाही. पूर्ण नाव, आडनाव, जन्मतारीख काहीही भरू नका. ‘७ब-१४’ एवढं पुरे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घालतो. नाव दिलंच नाही तर ते सांभाळायची जबाबदारीही येत नाही.

यानंतर पाच प्रश्नांचा एक संच बनवा. पाचच. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत स्कॅनिंग, चर्चा आणि फळा धरून याहून जास्त प्रश्न होत नाहीत. संकेतस्थळावर हा संच त्या वर्गाच्या ‘क्यू’मध्ये (प्रश्नांच्या रांगेत) लावला की मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये दिसतो. प्रोजेक्टर असेल तर प्रश्न त्यावर दाखवा, नसेल तर फळ्यावर लिहा. पर्यायांपुढे अ, ब, क, ड लिहू नका, ए, बी, सी, डीच लिहा. कार्डावर तीच अक्षरं आहेत, आणि लहान वर्गातली मुलं ‘क’ म्हणजे ‘सी’ हे जुळवण्यातच अडकतात.

पहिल्या दिवशी धडा घेऊ नका. ‘आज डब्यात काय आहे: पोळी, भात, पोहे की आणखी काही?’ असा एकच प्रश्न ठेवा आणि मुलांना कार्ड धरायला शिकवा. बोटं फक्त कडेला, आकृतीवर नाहीत. कार्ड छातीसमोर, सरळ, न हलवता. मागच्या रांगेची कार्डं पुढच्यांच्या डोक्याआड जातात, म्हणून मागच्यांनी कार्ड थोडं वर धरायचं. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभे राहा. खिडकी कॅमेऱ्यासमोर आली की कार्डं काळपट दिसतात. कोणाचं वाचलं गेलं आणि कोणाचं राहिलं हे पडद्यावर लगेच कळतं. राहिलेल्यांच्या दिशेने दोन पावलं पुढे जा आणि कॅमेरा सावकाश फिरवा. घाईत फिरवल्यामुळेच बहुतेक कार्डं सुटतात.

साधन इतकंच आहे, ते दोन दिवसांत हाताखाली येतं. खरा वेळ प्रश्न लिहिण्यात घालवा. चुकीचा पर्याय म्हणजे मुलं खरोखर करतात ती चूक असली पाहिजे. दशांशाचं उदाहरण घ्या. ‘०.४ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती?’ चार मोठा की पस्तीस, असं बघणारं मूल ०.३५ निवडतं. ‘दोन्ही समान’ निवडणारं मूल स्थानिक किंमत सोडून अंदाज बांधतं. चौथा पर्याय ‘सांगता येणार नाही’ ठेवा, म्हणजे गोंधळलेल्याला तुक्का मारावा लागणार नाही. आता स्कॅनिंगनंतर दिसणाऱ्या उत्तरांच्या आलेखाकडे पाहिलं की कोणती चूक किती जणांची, हे कळतं. ‘०.४, १००, आंबा’ असे पर्याय दिले तर सगळेच बरोबर येतात आणि तुमच्या हाती काही लागत नाही.

आलेख पाहून पुढे काय करायचं, यासाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवलेली पद्धत शाळेतही चालते. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असतील तर चर्चा घेऊ नका, घटक वेगळ्या उदाहरणाने पुन्हा शिकवा. ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर उत्तर न सांगता मुलांना दोन मिनिटं शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायला लावा आणि पुन्हा कार्डं वर करायला सांगा. ७० च्या वर गेलं तर थोडक्यात कारण सांगून पुढे जा. दुसऱ्या फेरीसाठी तोच प्रश्न संचात दोनदा घालून ठेवा. पहिल्या फेरीनंतर आलेख मुलांना दाखवू नका, नाहीतर सगळी मुलं उंच खांबाच्या मागे जातात.

घरच्या अभ्यासासाठी गुगल फॉर्म चांगला. सेटिंग्जमध्ये क्विझ चालू करा, प्रत्येक प्रश्नाला उत्तरसूची आणि गुण द्या, लिंक पालकांच्या ग्रुपवर टाका. मात्र तीन ठिकाणी हमखास अडतं.

पहिलं, लघुत्तर प्रश्न. फॉर्म फक्त अक्षराला अक्षर जुळवून पाहतो. ‘कामठी कोणत्या नदीकाठी वसलं आहे?’ याला तुम्ही उत्तर ‘कन्हान’ ठेवलं, तर ‘कन्हान नदी’ लिहिणाऱ्याला शून्य मिळतो. सूचीत दोन्ही रूपं भरा, शिवाय इंग्रजी लिपीतलंही. आकड्यांचंही तसंच: मोबाइलवर बरीच मुलं इंग्रजी आकडे टाइप करतात, म्हणून देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आकडे भरा.

दुसरं, ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा. तिच्यासाठी गुगल खात्याने लॉग-इन करावं लागतं. घरात वडिलांचा एकच फोन आणि एकाच वर्गात दोन भावंडं असतील तर दुसऱ्याचा फॉर्म उघडणारच नाही. मर्यादा बंद ठेवा, पहिला प्रश्न हजेरी क्रमांकाचा ठेवा. फोन रात्रीच घरी येतो, म्हणून मुदतही दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत द्या.

तिसरं, पर्यायांचा क्रम आपोआप बदलणं. ते चालू असेल तर ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय मधेच कुठेतरी येतो आणि निरर्थक होतो. त्याऐवजी ‘हे सर्व’ लिहा.

जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर कॉपी करून फॉर्ममध्ये टाकल्यावर अगम्य इंग्रजी चिन्हं उमटतात. कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर तसंच दिसणारं अक्षरांचं सामाईक मानक, नसतं. पुन्हा टाइप करत बसू नका. त्या पानाचा स्वच्छ फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ गुगल ड्राइव्हवर चढवा आणि गुगल डॉक्सने उघडा. मजकूर युनिकोडमध्ये उतरतो. जोडाक्षरं, रफार आणि अपूर्णांक मात्र नजरेखालून घाला, चुका तिथेच होतात. नवे प्रश्न गुगलच्या जीबोर्डच्या मराठी कीबोर्डवर बोलून टाइप केले तर हात दुखत नाहीत.

नेटचं आधीच बघून ठेवा. प्रश्नसंच घरी उघडून तपासा, प्रश्नांचे स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवा आणि कार्डं नेहमी वर्गातच ठेवा. वीज किंवा नेट गेलं तर प्रश्न फळ्यावर लिहा, मुलांना कार्ड तसंच धरायला सांगा आणि अक्षरं बारीक असल्याने बाकांमधून फिरत जवळून मोजा. अचूक नोंद होणार नाही, पण तासिका वाया जात नाही. मार्च-एप्रिलमध्ये संगणकाला नेट द्यायला हॉटस्पॉट चालू ठेवून मोबाइल खिडकीत ठेवू नका. तापला की पडदा अंधुक होतो आणि कॅमेरा बंद पडू शकतो. पंख्याखाली, बाकाच्या सावलीत ठेवा, आणि स्कॅनिंग झालं की हॉटस्पॉट बंद करा.