कोपर धरलंय? रॅकेट ठेवा, बाटली उचला

जून लागला की मैदानांचा चिखल होतो आणि आम्ही सगळे पेडे-म्हापशाच्या इनडोअर हॉलमध्ये. आठवड्यातून २ दिवस खेळणारे एकदम ५ दिवस बॅडमिंटन खेळतात. मग एका सकाळी चहाचा कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी कळ येते. मी ३ आठवडे हात अगदी जपला, आणि पहिल्याच स्मॅशला पुन्हा तेच!

नुसत्या विश्रांतीने कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बळकट होत नाही, तिला मोजका भार लागतो. अर्धा लिटरची भरलेली बाटली दुखऱ्या हातात घ्या. कोपर ते मनगट टेबलावर, पंजा कडेच्या बाहेर, तळवा खाली. दुसऱ्या हाताने पंजा वर उचलून द्या आणि दुखऱ्या हाताने ४ आकडे मोजत सावकाश खाली सोडा. १५ वेळा, असे ३ फेरे, दिवसाआड. १० पैकी ३ इतकं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही ठणकलं तर बाटलीतलं पाणी कमी करा. सोपं वाटू लागलं की लिटरची बाटली. ६ ते १२ आठवडे धरूनच चला.

आणि रॅकेटच्या दांड्यावरची ग्रिप बदला. आपल्या दमट हवेत घामाने ती निसटते, म्हणून आपण नकळत मूठ आवळतो. कोपराला खरा ताण तिथेच बसतो. मी टॉवेलची ग्रिप लावली, दिसते गबाळी.

बोटांना मुंग्या येत असतील किंवा हातातून वस्तू सुटत असेल, तर मात्र बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.