हेअर थिअरी शिकताना या चुका टाळा, मेंदीची तर आधी

जूनमध्ये नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं. "मॅडम, थिअरी वाचू हो परीक्षेच्या आधी, कात्री कधी देणार?" आयटीआयचा बेसिक कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड करून आलेली मुलगी असो की तीन महिन्यांच्या खाजगी कोर्सची, घाई सारखीच आणि चुकाही त्याच. सतरा वर्षं पुण्यात शिकवतेय. काही चुका आता पाहवत नाहीत, म्हणून हे लिहायला बसले. सगळ्याच चुकांना सारखी जागा देणार नाही. ज्यांनी मला छळलंय त्यांना जास्त.

"केमिकल लावलंय का?" असं विचारणं

कन्सल्टेशनच्या धड्यात लिहिलेलं असतं की आधी झालेल्या केमिकल ट्रीटमेंटची माहिती घ्या. मुली तस्संच विचारतात, "काकू, केसांना काही केमिकल लावलंय का?" काकू प्रामाणिकपणे सांगतात, "छे गं, मी कसलं केमिकल लावतेय!" काकू खोटं बोलत नाहीत. दर महिन्याला लावलेली मेंदी त्यांच्या लेखी केमिकल नाहीच, ती मेंदी आहे.

आमच्या क्लासमध्ये दिवाळीच्या आठवडाभर आधी हायलाइट्सचं, म्हणजे काही बटा उजळवण्याचं, प्रॅक्टिकल होतं. एका मुलीने मॉडेल म्हणून स्वतःच्या मावशीला आणलं. प्रश्न विचारला, उत्तर "नाही" आलं, फॉर्मवर टिक झाली. बटा काढल्या, ब्लीच लावलं, फॉइल दुमडले. मी तेव्हा दुसऱ्या खुर्चीवर एकीचं सेक्शनिंग, म्हणजे केसांचे भाग पाडणं, बघत होते. सात-आठ मिनिटांत मावशी म्हणाल्या, "अगं, डोक्यावर गरम पोळी ठेवल्यासारखं वाटतंय." मुलगी म्हणाली, "मावशी, थोडं गरम लागतंच." मी वळून बघितलं तर दोन फॉइल फुगलेले. हात लावला तर चटका बसला. वास तर असा, की वर्गातल्या सगळ्याजणी माना वळवून बघायला लागल्या. फॉइल ओढून काढले, मावशींना बेसिनवर झोपवलं आणि गार पाण्याखाली धरलं. टाळू वाचली. दोन बटा मात्र वीतभर अंतरावरून तुटून माझ्या हातात आल्या, ओल्या शेवयांसारख्या.

मग चौकशी केली. मावशी चार वर्षं एका पाकिटातली "काळी मेंदी" लावत होत्या.

यातली खरी गंमत पुढे आहे. त्याच मुलीने आदल्या आठवड्यात युनिट टेस्टमध्ये "मेटॅलिक सॉल्ट (धातूचे क्षार) असलेल्या केसांवर पेरॉक्साइड (ब्लीचमध्ये आणि रंगात मिसळतात ते) का वापरू नये" या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. खाली लाल पेनाने रेघही मारली होती. उत्तर पाठ होतं, पण मावशीच्या डोक्यावर बसलेलं तेच उत्तर तिला ओळखता आलं नाही. आणि मी शेजारी उभी असून फॉर्म परत वाचला नाही, ही चूक माझी.

आता रसायन समजून घ्या. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केराटिनला, म्हणजे केसाच्या प्रथिनाला, धरून बसतं आणि नारिंगी-लाल छटा देतं. नुसत्या पानाच्या मेंदीचं पेरॉक्साइडशी वाकडं नाही. वाकडं आहे ते धातूंच्या क्षारांचं. काही तयार मिश्रणांत आणि हळूहळू काळे करणाऱ्या रंगांत शिसं, चांदी किंवा तांब्याचे क्षार असतात. ते पेरॉक्साइडचं विघटन भराभर करतात, त्यातून उष्णता निघते आणि केस त्यातच शिजतो. शिवाय "काळी मेंदी" नावाच्या बऱ्याच पाकिटांत पीपीडी, म्हणजे काळ्या डायमधलं ॲलर्जी करू शकणारं रसायन, असतं. मेंदीचं पान काळा रंग देत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पाकीट बघताना डोळे उघडतील.

मी आता "केमिकल" हा शब्दच वापरू देत नाही. तीन प्रश्न विचारायचे: मेंदी शेवटची कधी लावली, कुठल्या पाकिटातली, आणि कशात भिजवली. तिसऱ्या प्रश्नाला निम्म्या बायका "लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात" असं सांगतात. लोखंड धातूच आहे, तेव्हा तीही मेंदी टेस्टशिवाय पुढे न्यायची नाही. टेस्ट पुस्तकातलीच आहे. काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूमचं (व्हॉल्यूम म्हणजे ताकद), क्रीम नसलेलं पाण्यासारखं पेरॉक्साइड ३० मिली घ्यायचं, त्यात २८ टक्के अमोनियाचे २० थेंब टाकायचे आणि मानेजवळून कापलेली छोटी बट ३० मिनिटं बुडवून ठेवायची. शिसं असेल तर बट लगेच उजळते. चांदी असेल तर अर्ध्या तासानेही ढिम्म हलत नाही. तांबं असेल तर मिश्रण उसळतं, तापतं, केस तुटायला लागतो. यातलं काहीही दिसलं तर रंग नाही, ब्लीच नाही. तो भाग वाढून कापून जाईपर्यंत थांबायचं. क्लायंट रुसली तर रुसू दे.

अर्धा तास कोण थांबणार, असं मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. विचारणारीला मी त्या दिवशीचे फॉइल आठवून सांगते.

वीस अधिक चाळीस बरोबर साठ

हसू नका. दर बॅचमध्ये विचारते, "२० व्हॉल्यूम आणि ४० व्हॉल्यूम सारखं सारखं मिसळलं तर किती?" आणि दोन-तीन आवाज ठामपणे येतात, "साठ!" अगं, दोन चमचे साखरेचा एक कप चहा आणि चार चमच्यांचा एक कप चहा पातेल्यात एकत्र केलास, तर त्यातला कपभर चहा सहा चमचे गोड लागेल का? तीनच लागेल. तसं हे ३० व्हॉल्यूम होतं.

हा घोळ होतो, कारण व्हॉल्यूम म्हणजे काय हे कोणी वाचत नाही. २० व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रावणातून २० लिटर ऑक्सिजन सुटू शकतो. बाकी तक्ता साधा आहे: १० म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पण तक्ता झेरॉक्सवरून पाठ केला की काय होतं ते ऐका. एका वर्षी मुलींमध्ये कुठल्याशा सीनियरच्या नोट्स फिरत होत्या. त्यात तक्त्याची एक ओळ घसरली होती आणि २० समोर ९ टक्के छापलं गेलं होतं. पांढरे केस झाकायला २० व्हॉल्यूम, हे एकीला पक्कं पाठ होतं. बाटलीवर फक्त टक्के होते. तिने झेरॉक्समधली ओळ आठवली, ९ टक्क्यांची बाटली उचलली आणि रंग थेट मुळांना लावला. क्लायंट दहाव्या मिनिटाला खुर्चीत चुळबुळायला लागली. रंग धुतला तेव्हा भांगात लालभडक पट्टा. नशीब, फोड आले नाहीत.

माझी सवय सांगते. नवीन बाटली आली की मार्करने दोन्ही आकडे मोठ्या अक्षरात लिहायचे, टक्के आणि व्हॉल्यूम. पाणी घालून पातळ करण्याचं गणित वर्गात शिकवते, खुर्चीजवळ करू देत नाही. लागेल त्या ताकदीची बाटली विकत घ्या. ४० व्हॉल्यूम कुलपात. "लवकर उजळतं ना मॅडम" म्हणणारीच्या हाती तर अजिबात नाही.

पॅच टेस्टला पाच मिनिटं

पॅच टेस्ट, म्हणजे रंग आधी त्वचेवर थोडासा लावून बघणं, ४८ तासांची असते, कारण पीपीडीची ॲलर्जी उशिरा उमटते. हातावर थेंब टाकून, चहा पिऊन, "काही झालं नाही, चला" म्हणणं ही टेस्ट नव्हेच. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि दोन दिवस थांबा. शनिवारी रंग लावायचा असेल तर मी गुरुवारी बोलावते. येणार नाही म्हणाली तर रंगही नाही. कर्वे रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही, हे कारण मी हजारदा ऐकलंय. आणि गेल्या वर्षी काही झालं नव्हतं म्हणून यंदा टेस्ट नको, हेही चालत नाही. ॲलर्जी अनेकदा वापर झाल्यावरच तयार होते.

पटकन सांगण्याजोग्या

तेलाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) किती, असं विचारलं की मुली ५.५ सांगतात. तेलाला पीएच नसतो, तो पाण्यातल्या द्रावणांचा असतो. आणि पीएच एका आकड्याने वाढला की फरक दहापट होतो, दोन आकड्यांनी शंभरपट. "सात आणि नऊ जवळजवळ सारखेच" म्हणू नका.

कटिंगमध्ये बट उचलायचे ९० अंश डोक्याच्या गोलाईपासून मोजतात, जमिनीपासून नाही. मागच्या डोक्यावर लेअर्स बिघडतात ते बहुतेक वेळा इथेच.

रंगाने आधी लावलेला रंग उजळत नाही. काळ्या डायवर हलका ब्राउन लावून वाट बघत बसू नका.

केस अडकलेली फणी जंतुनाशकात बुडवून ती स्वच्छ होत नाही. आधी केस काढा, साबणाने धुवा, मग बुडवा.

टाळूवर गजकर्णाचे चट्टे दिसले तर हात लावायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. आजारांची नावं सुचवून घाबरवायचंही नाही.

क्युटिकल, म्हणजे केसाचं बाहेरचं आवरण, समजत नसेल तर कोकणातलं कौलारू छप्पर आठवा. कौलं एकावर एक, मोकळी बाजू खाली. केसावर ती मोकळी बाजू टोकाकडे असते. बॅककोंबिंग (टोकाकडून मुळाकडे विंचरणं) म्हणजे कौलं उलटी उचकटणं. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की "कंडिशनर टोकांनाच का" हे वेगळं पाठ करावं लागत नाही. टोकाची कौलं सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत झिजलेली असतात.

केसातले हायड्रोजन बंध आणि डायसल्फाइड बंध यांत गल्लत करणाऱ्यांनी जुलैमध्ये ब्लो-ड्राय करून लक्ष्मी रोडवर चक्कर मारावी. रिमझिम लागली की केस पूर्वपदावर येतात, कारण हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात. रिबाँडिंग केलेली मैत्रीण तशीच सरळ केसांनी शेजारून चालेल, कारण तिचे डायसल्फाइड बंध थायो नावाच्या रसायनाने तोडून न्यूट्रलायझरने नव्या जागी बांधलेत. म्हणूनच न्यूट्रलायझरची वेळ कापणं हा मूर्खपणा आहे.

"केस गळतायत, शाम्पू बदला"

ही चूक शिकाऊ मुलींची आणि पार्लरवाल्यांचीही. केसाच्या वाढीचे टप्पे सगळ्यांना पाठ असतात: ॲनाजेन (वाढ) दोन ते सात वर्षं, कॅटाजेन (वाढ थांबणं) दोन-तीन आठवडे, टेलोजेन (विश्रांती) साधारण तीन महिने. त्याचा उपयोग काय, हे मात्र कुणी सांगत नाही. पावसाळ्याच्या शेवटी पुण्यात डेंग्यू असतोच. सप्टेंबरमध्ये तापाने झोपलेली बाई डिसेंबरमध्ये मूठमूठ केस घेऊन येते आणि दोष देते तेलाला, शाम्पूला नाहीतर टँकरच्या पाण्याला. मोठ्या तापाने किंवा बाळंतपणाने बरेच केस एकदम टेलोजेनमध्ये जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. शाम्पूवर जायच्या आधी विचारा, "तीन महिन्यांपूर्वी आजारी होता का?" रोज ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे, तेही सांगा. गळती सहा महिन्यांच्या पुढे गेली किंवा चट्टे पडायला लागले तर त्वचेच्या डॉक्टरांकडे.

टँकरच्या पाण्याचं मात्र अगदीच खोटं नाही. वाघोली, उंड्रीकडच्या ज्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं, तिथल्या बायकांच्या केसांवर कॅल्शियमचा थर बसतो. केस राठ लागतो, रंग नीट धरत नाही. त्यावर रंगाच्या आधी एकदा थर काढणारा क्लॅरिफाइंग शाम्पू पुरतो. हजार रुपयांचा स्पा विकायची गरज नसते.

नोट्सचं शेवटचं. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं मिळतात, ती घ्या. घसरलेल्या ओळीची ती झेरॉक्स अजून फिरतेय, गेल्या बॅचमध्ये पुन्हा दिसली. आता पहिल्याच दिवशी पेरॉक्साइडचा तक्ता प्रत्येकीकडून कोऱ्या कागदावर लिहून घेते आणि झेरॉक्स माझ्या टेबलावर जमा करून ठेवते.