मुधोळ कुत्र्याचं पिल्लू हात चावतंय?
निपाणी-खानापूरकडे शेतावर राखणीला मुधोळचं पिल्लू आणलं की घरातल्या पोरांच्या हातावर ओरखडे ठरलेले. त्याला मारू नका. चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दात पडू लागतात, हिरड्या शिवशिवतात. दात लागले तरी हात झटकू नका. झटकलेला हात त्याला पळणारी शिकार वाटतो, आणि ही जात शिकारीचीच. हात सैल सोडा, उठा, अर्धा मिनिट पाठ फिरवा. मग जुन्या सुती फडक्याला गाठ मारून, ओलं करून चघळायला द्या. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. रक्त आलंच तर हळद लावून बसू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.