जामीन झाला, माणूस अजून आतच: आदेशापासून जेलच्या दारापर्यंत

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात "अर्ज मंजूर" हे शब्द ऐकले की नातेवाईक बाहेर येऊन घरी फोन लावतात, संध्याकाळपर्यंत येतो म्हणून. बहुतेक वेळा तो त्या संध्याकाळी येत नाही. कधी चार दिवस जातात, कधी चार महिने. जामिनाचा आदेश म्हणजे सुटका नव्हे. आदेशानंतर जामीनकतबा (हमीचा सही केलेला कागद), जामीनदाराची पडताळणी, सुटकेचा आदेश आणि वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातली तपासणी, एवढं सगळं पार पडावं लागतं. माणूस अडकतो तो इथे, आणि बहुधा कायद्यामुळे नाही, कागदामुळे.

आदेशातली ती एक ओळ नीट वाचा

साधारण मजकूर असा असतो: "25,000 रुपयांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार दिल्यावर मुक्त करावे." यात पंचवीस हजार कुठेही भरायचे नसतात. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः सही करून दिलेली हमी: तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर एवढी रक्कम सरकारजमा करता येईल. जामीनदारही तीच हमी आपल्या ऐपतीवर देतो. पैसा निघतो तो हमी मोडल्यावर. हे माहीत नसल्यामुळे लोक आधी सावकाराकडे जातात, आणि कोर्टाच्या आवारात "रक्कम द्या, सगळं करून देतो" म्हणणाऱ्यांचं फावतं.

आदेशात "रोख जामीन" असेल तरच पैसे भरायचे, तेही कोर्टाच्या नाझर विभागात, म्हणजे पैसे घेणाऱ्या विभागात, आणि पावती घेऊन. पावती ज्याच्या नावाने, खटला संपल्यावर परतावा त्याच्या नावाने. म्हणून खरोखर पैसे देणाऱ्याचंच नाव, आधारवर आहे तसं, लिहायला लावा.

जामीनदार लगेच मिळणार नाही असं आधीच दिसत असेल तर जामिनाच्या अर्जातच एक ओळ टाकून घ्या: जामीनदार देईपर्यंत चार किंवा सहा आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन स्वीकारावा. महाराष्ट्रातली न्यायालयं, उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ धरून, अशी सवलत नेहमी देतात, पण मागितली तर. आदेश झाल्यावर मागायची म्हणजे नवा अर्ज, त्यावर सरकारी वकिलांचं लेखी म्हणणं ("से") आणि आणखी दोन-तीन तारखा. मुदत मिळाली तर ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या आत जामीनदार उभा राहिला नाही तर वॉरंट निघू शकतं.

जामीनदाराचा कागद: कारकून आधी काय बघतो

जामीनदार शोधायला आदेशाची वाट बघू नका. अर्ज दाखल झाला त्याच दिवशी दोन माणसं ठरवा, एक खरा आणि एक राखीव. आधार, रेशन कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि मालमत्तेचा कागद, असा मूळ संच आणि दोन झेरॉक्स संच तयार ठेवा. प्रतिज्ञापत्र वकील करून देतात. त्यात आणखी किती आरोपींना जामीन राहिलो हे सांगावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 486 प्रमाणे ते बंधनकारक आहे आणि लपवलं तर जामीनदारच अडचणीत येतो.

काटोल, सावनेर, उमरेडकडचा शेतकरी जामीनदार असेल तर सातबारा आणि आठ-अ, दोन्ही ताजे काढा. जुनाट प्रत घेऊन गेलात तर दिवस वाया. हातात सातबारा आला की कारकुनाचं बोट आधी "इतर हक्क" या रकान्यावर जातं. तिथे सोसायटीचा किंवा बँकेचा पीककर्जाचा बोजा दिसला तर प्रश्न येतो: बोजा वजा जाता उरतं किती? म्हणून कर्ज फिटलेलं असेल तर बोजा कमी केल्याची नोंद आधी तलाठ्याकडून करून घ्या. दुसरी नजर नावांवर. बापाच्या पश्चात चार भावांची सामाईक नावं असतील तर जामीनदाराच्या वाट्याचीच ऐपत धरली जाते. तिसरी नजर भोगवटादार वर्गावर. वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, त्यामुळे तिच्यावरचा जामीन बहुधा नाकारला जातो. पोरं दोन एकरांचा सातबारा घेऊन पन्नास किलोमीटर येतात आणि या तीन रकान्यांपायी परत जातात. घरून निघण्याआधीच सातबाऱ्याचा फोटो वकिलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की ही खेप वाचते.

शहरातल्या घरासाठी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) सगळ्यात बरी. नुसती मनपाची टॅक्स पावती चालेलच असं नाही, कारण टॅक्स भरणारा मालक असतोच असं नाही. लेआउटमधला प्लॉट असेल तर विक्रीपत्र आणि सुधार प्रन्यासचं आरएल पत्र (रिलीज लेटर) सोबत ठेवा. आरएल न झालेल्या प्लॉटवर भरवसा ठेवू नका. मालमत्ता नसेल तर कायम नोकरीतला माणूस बघा: वेकोलि (कोळसा कंपनी), रेल्वे, मनपा, शाळा. त्याची अलीकडची पगारपत्रकं, ओळखपत्र आणि कार्यालयाचा दाखला लागतो. कंत्राटी कामगाराची पगारपावती सहसा उभी राहत नाही.

मोठ्या रकमेला किंवा गंभीर गुन्ह्यात न्यायालय तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतं. सेतूतून अर्ज केल्यापासून तीन आठवडे धरून चला. हा दाखला मागितला जाईल अशी शंका असेल तर तात्पुरत्या रोख जामिनाची ओळ आणखीच गरजेची.

पडताळणीच्या वेळी न्यायाधीश जामीनदाराला स्वतः विचारतात: आरोपीचं नाव काय, तुमचं नातं काय, तो राहतो कुठे, गुन्हा कोणता, तो पळाला तर तुमचं काय होईल माहीत आहे का? कोर्टात आलेला काका पुतण्याचं घरगुती नाव सांगतो आणि कागदावर दुसरंच असतं, असं फार होतं. जामीनदाराला आरोपीचं पूर्ण नाव, पोलीस ठाणं आणि गुन्हा क्रमांक पाठ करायला सांगा. भाड्याचा जामीनदार मात्र आणू नका. एकच सातबारा बऱ्याच खटल्यांत फिरवणारे लोक पकडले जातात, आणि तेव्हा जामीनदारावर गुन्हा दाखल होतोच, तुमच्या माणसाचा जामीनही धोक्यात येतो.

बालाघाट, शिवनी, छत्तीसगडचा आरोपी

कळमन्याच्या बाजारात हमाली करणारा, बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत राबणारा परप्रांतीय माणूस इथे सगळ्यात जास्त अडकतो. त्याचा भाऊ गावाहून ऋणपुस्तिका, म्हणजे तिकडची शेतजमिनीची सरकारी वही, घेऊन येतो. मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या कोर्टात जामिनाला तीच चालते, जामिनाची नोंदही तिच्यावरच होते. नागपुरात ती पुढे केली की उत्तर मिळतं, "लोकल आणा." हे उत्तर गुपचूप ऐकून घेऊ नका. 1978 मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात एका गवंड्याला 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला गेला आणि भावाचा जामीन नाकारला गेला, का तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्णा अय्यर यांनी ते चूक ठरवून 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. 31 जानेवारी 2023 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा म्हटलं की स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे आणि तशी अट न घालणं बरं. तेव्हा तोंडी वाद घालत बसू नका. एक पानी अर्ज द्या, दोन्ही निकालांचा उल्लेख करा, आणि ऋणपुस्तिकेसोबत गावच्या सरपंचाचा व तहसीलचा दाखला जोडा.

एकाच आरोपीवर अनेक गुन्हे असतील आणि प्रत्येकात वेगळे जामीनदार मागितले असतील तर 22 ऑगस्ट 2024 चा गिरीश गांधी प्रकरणातला निकाल दाखवा. तिथे 13 गुन्ह्यांत जामीन मिळूनही जामीनदारांअभावी माणूस आत होता. सर्वोच्च न्यायालयाने तेच जामीनदार सगळीकडे चालतील असं सांगितलं.

आठवा दिवस

त्याच 2023 च्या आदेशात तुरुंगातल्या माणसाच्या कामाच्या तारखा आहेत. त्या नातेवाइकांनाच काय, पुष्कळ वकिलांनाही ठाऊक नसतात. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला द्यायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीनकतबा झाला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं.

हे आपोआप होईल म्हणून घरी बसू नका. आठव्या दिवशी प्राधिकरणाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात हवं ते एवढंच: बंद्याचं नाव, वडिलांचं नाव, बंदी क्रमांक, पोलीस ठाणं व गुन्हा क्रमांक, आदेशाची तारीख, रक्कम, आणि का भरता येत नाही. बंदी क्रमांक मुलाखतीला जाल तेव्हा विचारून घ्या. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे तो हक्क आहे. लोक अभिरक्षक कार्यालय, म्हणजे प्राधिकरणाच्या मोफत बचाव वकिलांचं कार्यालय, त्यासाठीच आहे. फोनवर विचारायचं तर विधी सेवेची हेल्पलाइन 15100.

अटी शिथिल करण्याच्या अर्जाला आधार नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 484: जातमुचलक्याची रक्कम परिस्थिती बघून ठरवायची, ती अवाजवी नसावी, आणि सत्र किंवा उच्च न्यायालय ती कमी करू शकतं. बाहेर आल्यावरच जामीनदार जमवता येईल अशी स्थिती असेल तर ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीन मागता येतो. हीही सोय 2023 च्या आदेशातलीच, आणि फार कमी वापरली जाणारी. गुन्हा जामीनपात्र असेल तर काम आणखी सोपं. कलम 478 नुसार अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नाही तर माणूस गरीब आहे असं मानून जातमुचलक्यावर सोडायचं.

पैशापायीच अडलं असेल तर केंद्राची गरीब बंद्यांसाठीची योजना आहे. 2023 च्या कार्यपद्धतीत कच्च्या कैद्यासाठी एका प्रकरणात 40,000 रुपयांपर्यंतची मर्यादा होती. निर्णय जिल्ह्याची समिती घेते, त्यात जिल्हाधिकारी आणि प्राधिकरणाचे सचिव असतात. एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचे आरोपी यात बसत नाहीत. वर सांगितलेला आठव्या दिवसाचा अर्ज या योजनेलाही उपयोगी पडतो.

सुटकेचा आदेश आणि जेलचं दार

जामीनदार मंजूर झाला की न्यायालय सुटकेचा आदेश काढतं. तो टाइप होऊन सहीला जाण्याआधी वकिलाला हे ताडून बघायला सांगा: नाव, वडिलांचं नाव, वय, पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक व वर्ष, कलमं, खटला क्रमांक, शिक्का. जेलमध्ये हा कागद मूळ वॉरंटशी अक्षरशः जुळवून बघतात. वॉरंटवर "शेख" आणि आदेशात "शेक", किंवा तपासात वाढवलेलं कलम आदेशात नाही, एवढ्यावर कागद परत येतो. शुक्रवारी दुपारी परत आला तर सोमवारच उजाडतो.

जामीन उच्च न्यायालयाने दिला असेल तरी जामीनकतबा सहसा खटला जिथे चालू आहे त्या खालच्या न्यायालयात होतो. म्हणून खंडपीठाच्या आदेशाची अधिकृत प्रत घेऊन तिकडे जावं लागतं. खालच्या न्यायालयाला सुट्टी कधी आहे हे आधी बघा.

आदेश संध्याकाळची बंदी होण्याच्या पुरेसा आधी कारागृहात पोचला पाहिजे, नाहीतर सुटका दुसऱ्या दिवशी. आणि शेवटची अडचण, सगळ्यात वाईट: दुसऱ्या गुन्ह्यातलं वॉरंट. एका प्रकरणात जामीन झाला, पण दुसऱ्या ठाण्याने हजेरी वॉरंट (बंद्याला त्यांच्या प्रकरणात कोर्टापुढे आणण्याचा आदेश) लावून ठेवलं असेल तर दार उघडत नाही. मुलाखतीला गेलात की बंद्यालाच विचारा, तुझ्यावर किती वॉरंट आहेत. जामिनाचे अर्ज शक्यतो सगळ्या प्रकरणांत एकाच सुमारास लावा.

आदेशच मिळत नसेल तर

कलम 479 चा हिशोब मांडा. पहिल्यांदाच आरोपी झालेला, आधी कधी शिक्षा न झालेला माणूस कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की जामिनाला पात्र होतो, इतरांना निम्मा काळ लागतो. राहत्या घरातल्या चोरीला कमाल 7 वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला 28 महिने. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरी नाही. ही दुसरी मेख गरीब वस्तीतल्या पोरांनाच टोचते, कारण दोन-तीन किरकोळ गुन्हे त्यांच्याच नावावर असतात. आरोपीमुळे रखडलेले दिवस वजा होतात, तेव्हा मोजणी करताना रोजनाम्याची (खटल्याच्या तारखावार नोंदींची) नक्कल समोर ठेवा. पात्र बंद्याचा अर्ज करणं हे अधीक्षकांचंही काम आहे. संहिता 1 जुलै 2024 पासूनची असली तरी हे कलम आधीच्या गुन्ह्यांनाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं.

बाहेर आल्यावर

पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर स्वतःची वही ठेवा: तारीख, वेळ, ज्याच्यासमोर सही केली त्याचं नाव. ठाण्याचं रजिस्टर पुढे सापडलं नाही तर हीच वही कामी येते. तारखेला जाता येत नसेल तर त्याच सकाळी वकिलाकडून गैरहजेरी माफीचा अर्ज द्या. नंतर दिलेल्या कारणाला फारसं वजन नसतं, तोवर वॉरंट आणि जामीनदाराला नोटीस निघालेली असते.

खटला संपला तरी जामीनदाराच्या सातबाऱ्यावरची कोर्टाची नोंद आपोआप जात नाही आणि नाझरकडचे पैसे आपोआप परत येत नाहीत. दोन्हींसाठी वेगळा अर्ज लागतो, पैशांसाठी मूळ पावतीसह. निर्दोष सुटका झाली तरी कलम 481 प्रमाणे सहा महिन्यांचा नवा जामीनकतबा घेतला जातो, अपिलात हजर राहण्यासाठी. त्यासाठी निकालाच्या आधीच जामीनदाराला पुन्हा एकदा कोर्टात यावं लागेल हे सांगून ठेवा, आणि पावती झेरॉक्स करून मूळ प्रत घरात ठेवा, वकिलाच्या फाइलमध्ये नको.